पोळ्याच्या आत आपापल्या फाटकाची कडी लावा

जालना जिल्ह्यातील कुत्री पाळणाऱ्या सर्वांना तातडीचं आवाहन



श्रावण अर्ध्यावर आला. पोळा झाला की भाद्रपद लागेल, आणि भाद्रपदात कुत्री माजावर येतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग रात्र-रात्र भुंकणं, एका कुत्रीमागे सात-आठ कुत्र्यांची झुंड, त्या झुंडीतली भांडणं आणि मधे सापडेल त्याच्या अंगावर धावून जाणं. दिवाळी सरता सरता त्याच कुत्र्या वितात. नाल्याच्या कडेला, बंद गाळ्यांमध्ये, पडक्या भिंतींच्या आडोशाला पिल्लं दिसू लागतात, आणि पिल्लांची आई जवळून जाणाऱ्याला सोडत नाही. हे चक्र दर वर्षी फिरतं. यंदा ते अडवायला आपल्या हातात पोळ्यापर्यंतचेच दिवस आहेत. म्हणून हे आवाहन तातडीचं आहे.

महानगरपालिकेकडे आणि सरकारकडे मागण्या करणारी निवेदनं पुष्कळ निघतात, निघायलाही हवीत. हे पत्र मात्र आपल्याला आहे, कुत्री पाळणाऱ्यांना. मी स्वतः कुत्री पाळते. माझ्या घरी एक लॅब्राडोर आहे आणि एक गावरान कुत्री आहे. दोघांवर माझा जीव आहे, आणि तसाच जीव तुमचाही तुमच्या कुत्र्यावर आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच हे आपल्यातल्याच कुणीतरी बोलायला हवं होतं.

आपण म्हणतो, भटक्या कुत्र्यांनी उच्छाद मांडला आहे. खरं आहे. पण गल्लीतल्या कुत्र्यांकडे एकदा नीट बघा. एखाद्याच्या गळ्यात तुटक्या पट्ट्याचा तुकडा असतो. एखादं हाक ऐकताच ठरावीक दाराशी जातं, भाकरी खातं आणि पुन्हा रस्त्यावर येतं. एखाद्याचं अंग गावरान, पण कान आणि शेपूट जर्मन शेफर्डची. ही कुत्री आभाळातून पडलेली नाहीत. कुणी रात्री फाटक उघडून मोकळी सोडली, कुणी आजारी पडली म्हणून शहराबाहेर नेऊन उतरवली, कुणाच्या कुत्रीला नको असताना पिल्लं झाली आणि ती पोत्यात भरून कुंडलिकेच्या काठावर ठेवली. रस्त्यावरची सगळीच कुत्री आपल्यामुळे आहेत असं मी म्हणत नाही. पण आपल्यामुळे जी आहेत, त्यांना थांबवणं दुसऱ्या कुणाच्या हातात नाही.

त्रास कुणाला होतो

जालन्यात पहाटे रस्ता मोकळा नसतो. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांची रात्रपाळी सुटते आणि कामगार सायकलवर, दुचाकीवर घराकडे निघतात. पेपर टाकणारी पोरं, दूधवाले, घंटागाडीवरचे कामगार, शिकवणीला निघालेल्या मुली, मोतीबागेकडे फिरायला जाणारे आजी-आजोबा, सगळे त्याच वेळी बाहेर असतात. कोणत्या वळणावर कुणाचं कुत्रं सुटतं हे त्यांना पाठ झालेलं असतं. त्यापायी कुणी लांबचा रस्ता धरतं, कुणी खिशात दगड ठेवतं, कुणी बिस्किटाचा पुडा. दुपारी आशाताई, मीटर रीडिंग घेणारा, पोस्टमन आणि पार्सल आणणारा मुलगा आपल्या फाटकाशी उभे राहून आधी आत कान देतात.

गाडीमागे धावणारं कुत्रं चावलंच पाहिजे असं नाही. ते नुसतं धावलं तरी चालवणाऱ्याचं हँडल वळतं, मागे बसलेली बाई फेकली जाते, हात मोडतो, डोक्याला मार बसतो. अंबड, भोकरदन, मंठा, कोणत्याही रस्त्यावर रोज दुचाकी चालवणाऱ्याला हे विचारून बघा. अशा वेळी आपण म्हणतो, "आमचं कुत्रं काही करत नाही." ते आपल्याला काही करत नाही. पळणाऱ्या पोराला, काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्याला, अंधारातून येणाऱ्या अनोळखी माणसाला ते काय करेल, हे आपल्याला ठाऊक नसतं.

२०२५ साली आपल्या जालना शहरात कुत्र्यांच्या हल्ल्यात एका चिमुकलीचा जीव गेला. त्यानंतर हा प्रश्न उद्यावर टाकायचा हक्क आपल्यापैकी कुणालाही उरलेला नाही.

कोंडवाड्याचा न्याय

आपल्या गावांनी जनावराची जबाबदारी कधीच वाऱ्यावर सोडली नव्हती. कुणाचा बैल उधळून दुसऱ्याच्या उभ्या ज्वारीत शिरला, तर बैलाशी भांडायला कुणी जात नसे. जनावर कोंडवाड्यात जायचं आणि मालक दंड भरून ते सोडवून आणायचा. १८७१च्या कायद्याने कोंडवाड्यांची रीत घालून दिली, पण त्यामागचा न्याय गावाला आधीपासून मान्य होता. जनावर ज्याचं, नुकसान त्याच्या माथी. मारक्या बैलाला वेसण असते, पिकात चालणाऱ्या बैलाला मुसकं असतं, आणि त्यात कुणाला बैलाचा अपमान वाटत नाही. हाच न्याय कुत्र्याला लावायचा आहे. कुत्र्याने केलेलं मालकाने निस्तरायचं आणि ते होऊ नये म्हणून आधीच बंदोबस्त ठेवायचा.

फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी लावली की आपलं काम झालं, असा समज आहे. त्या पाटीने सावध राहायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्यावर टाकलं जातं. ते काम आपलं आहे. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांना आणि चार वर्षांच्या पोराला ती पाटी काहीच सांगत नाही.

कुत्र्यावर माया करणं आपल्याला कुणी शिकवायला नको. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण आजीकडून ऐकली आहे, आणि ते नामदेव आपल्याच मराठवाड्यातल्या नर्सीचे मानले जातात. पण ज्या मायेमुळे शेजारच्या लेकराला अंगणात खेळता येत नाही, ती माया अपुरी आहे.

पिसाळण्याची धास्ती खरी आहे

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात या रोगाने दर वर्षी सुमारे ५९ हजार माणसं दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्यापासूनच येतो. लुई पाश्चर यांनी या रोगावरची लस एका मुलाला ६ जुलै १८८५ रोजी पहिल्यांदा दिली. त्याला १४० वर्षं उलटून गेली. कुत्र्याला दर वर्षी एक इंजेक्शन दिलं तर जो रोग घरापर्यंत येतच नाही, त्या रोगाने आपल्याकडे माणसं मरावीत, याचं कोणतंही समर्थन होऊ शकत नाही. २०३० सालापर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज देशातून संपवायचा, असं आपल्या सरकारने ठरवलं आहे. त्याची सुरुवात आपल्या दारात बांधलेल्या कुत्र्यापासूनच होऊ शकते.

कुणालाही कुत्रं चावलं, नख लागलं किंवा जखमेवर लाळ लागली, तर सगळ्यात आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची. मिरचीपूड, चुना, हळद, तेल यातलं काहीही लावायचं नाही. उतारा, मंत्र, गावठी औषध यात एक तासही घालवायचा नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. लस तिथे मोफत मिळते. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, ही भीती जुन्या काळची आहे. आता लस दंडात देतात. त्वचेत देतात तेव्हा पहिला दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जायचं असतं. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं औषध, इम्युनोग्लोब्युलिन, द्यावं लागतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या. मुलं मार बसेल या भीतीने चावा लपवतात. ओरखडा उठला तरी सांग, कुणी रागावणार नाही, हे त्यांना आजच सांगून ठेवा.

चावणारं कुत्रं आपलं असेल, तर ते लपवू नका आणि त्याला मारूनही टाकू नका. बांधून ठेवा आणि दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. लसीचं पुस्तक घेऊन स्वतः त्या माणसाच्या घरी जा, त्याला दवाखान्यात घेऊन जा, खर्च द्या. कुत्रं ठीक दिसतं म्हणून त्या माणसाच्या लसीत मात्र खोळंबा होऊ देऊ नका. आपण पहिल्या तासात त्याच्या दारात उभे राहिलो, तर पुढची अर्धी भांडणं होतच नाहीत.

कायदा काय सांगतो

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ असं सांगतं की, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०२३ सालच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचं लसीकरण, जंतनाशक आणि निर्बीजीकरण यांची जबाबदारी सरळ मालकावर टाकली आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, सतत साखळीत जखडलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हा गुन्हा आहे. उपाशीपोटी मरायला सोडून देणं हाही गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हटवायचे आदेश दिले. पट्टा नसलेलं तुमचं कुत्रं शाळेच्या आवारात सापडलं, तर पकडणाऱ्याला ते भटकंच दिसणार. त्याला तुमचं म्हणून ओळखता येईल अशी खूण त्याच्या गळ्यात घालणं तुमच्या हातात आहे.

पोळ्याच्या आत ही सात कामं करा

१. लस. कुत्र्याला रेबीजची लस देऊन वर्ष झालं असेल तर या आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात जा. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी आणि मग दर वर्षी. पुस्तकावर तारीख आणि शिक्का घ्या. दवाखाना लांब असेल तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर विचारा.

२. निर्बीजीकरण. सहा महिन्यांवरच्या कुत्र्याचं आणि कुत्रीचं ऑपरेशन करून घ्या. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत' असं म्हणतात, त्याला वैद्यकीय आधार नाही. ऑपरेशनने कुत्रं आळशी होतं हीही भीती नको. माजावरच्या कुत्रीमागे रात्री कुंपण ओलांडून जाणं, त्यातली भांडणं आणि जखमा मात्र बऱ्याच कमी होतात. ऑपरेशन लगेच होणार नसेल, तर कुत्री माजावर असताना तीन आठवडे तिला घराबाहेर सोडू नका.

३. गळपट्टा. त्यावर आपला मोबाइल क्रमांक कोरलेला बिल्ला लावा. पेनने लिहिलेला पावसात पुसला जातो.

४. साखळी. फाटकाबाहेर पाऊल पडलं की दोरी किंवा साखळी मोठ्या माणसाच्या हातात हवी. पस्तीस किलोचा कुत्रा दहा वर्षांच्या पोराच्या हातात देऊ नका. चावण्याची खोड असेल तर बाहेर नेताना तोंडाला मुसकं घाला. धाप टाकता येईल आणि पाणी पिता येईल असं जाळीचं घ्या.

५. फाटक आणि कुंपण. खालची फट बुजवा, कडी आपोआप बसेल अशी करा. पाहुणे येताना आणि गाडी बाहेर काढताना फाटक उघडं राहतं, तेवढ्या वेळात कुत्रं निसटतं. तेव्हा ते बांधलेलं असू द्या.

६. फेरी आणि शिकवण. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवून आणा. दिवसभर पत्र्याखाली बांधून ठेवलेलं कुत्रं रागीट होणारच. कारवानीसारखं धावण्यासाठीच घडलेलं कुत्रं दोन खोल्यांच्या घरात कोंडलं, तर दोष त्याचा नाही. 'बस', 'थांब', 'ये', 'सोड' हे चार शब्द खाऊ देऊन शिकवा, मारून शिकवू नका. पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याला माणसं, मुलं, गाड्या, आवाज यांची ओळख करून दिली, तर मोठेपणी ते बिथरत नाही. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर 'छू' करण्याची मस्करी आजपासून बंद करा. त्या मस्करीतूनच कुत्रं चावायला शिकतं.

७. घाण. फिरवताना पिशवी न्या. दुसऱ्याच्या ओट्यापुढे, मंदिराच्या वाटेवर, शाळेच्या मैदानात कुत्र्याने केलेली घाण ज्याचं कुत्रं त्याने उचलायची.

आखाड्यावरच्या कुत्र्यांसाठी

शहरातल्यापेक्षा शेतातल्या कुत्र्यांकडे कमी लक्ष जातं. बदनापूर, अंबड, घनसावंगीच्या मोसंबीच्या बागा असोत की भोकरदन-जाफराबादकडचे आखाडे, राखणीला कुत्रं हवंच. ते भुंकलं पाहिजे यात वाद नाही. पण राखण आपल्या बांधाच्या आत होते, सार्वजनिक रस्त्यावर नाही. आखाडा रस्त्याला लागून असेल तर दिवसा कुत्र्याला लांब दोरावर बांधा आणि रात्री बागेच्या आत सोडा. शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्या-करडांवर एकदा धावलेलं कुत्रं पुन्हा धावतं. पहिल्याच तक्रारीला बंदोबस्त करा आणि नुकसान भरून द्या. मजुरीला येणाऱ्या बायांना त्यांच्या लेकरांसह आपल्या शेतात बिनघोर वावरता आलं पाहिजे. आणि आखाड्यावरच्या कुत्र्यालाही लस लागतेच. कोल्ह्या-मुंगसाशी गाठ त्याचीच आधी पडते.

नवं कुत्रं आणण्याआधी

रीळमध्ये बघून, शेजाऱ्याने आणलं म्हणून, किंवा घराचा रुबाब वाढावा म्हणून पिटबुल, रॉटवायलर आणू नका. कोणतीही जात जन्मतः गुन्हेगार नसते, पण ताकदवान जबड्याच्या कुत्र्याची चूक महागात पडते, आणि त्याला सांभाळायला वेळ, जागा आणि अनुभव लागतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने बंदी आहे. असं पिल्लू कुणी देऊ लागला तर घेऊ नका. पंधरा वर्षं सांभाळायची तयारी असेल तरच घरात कुत्रं आणा. मुलीचं लग्न, बदली, नवं घर, बाळंतपण यातलं काहीही कुत्र्याला रस्त्यावर सोडायचं कारण होऊ शकत नाही.

शेजाऱ्यांना आणि आईवडिलांना विनंती

आपला त्रास आम्हाला तोंडावर सांगा. वेळ आणि तारीख लिहून ठेवा, शक्य असेल तर फोटो काढा. दोनदा सांगून फरक पडला नाही तर ग्रामपंचायत, महानगरपालिका किंवा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तो आपला हक्क आहे. पण रागाच्या भरात विष घालू नका, दगड, काठी, उकळतं पाणी वापरू नका. प्राण्याला ठार मारणं किंवा जायबंदी करणं हा न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि विषाचा गोळा रस्त्यावरच्या लेकराच्याही हाती लागू शकतो.

मुलांना हे शिकवा: खात असलेल्या, झोपलेल्या किंवा पिल्लं असलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, जागच्या जागी उभं राहायचं, हात अंगाशी घ्यायचे, त्याच्या डोळ्यात बघायचं नाही. पडलोच तर अंगाची गुंडाळी करून मान आणि कान हातांनी झाकायचे. शाळेच्या परिपाठात पाच मिनिटं देऊन गुरुजींनी आणि बाईंनी हे मुलांकडून करून घ्यावं.

ग्रामपंचायती, महानगरपालिका आणि मंडळांना

जालन्याची २०२३ साली महानगरपालिका झाली. आता प्रभागवार पाळीव कुत्र्यांची नोंदणी, ठरलेल्या दिवशी लसीकरण आणि कायम चालणारं निर्बीजीकरण केंद्र हवं. ग्रामसभेत हा विषय घ्या आणि गावातल्या प्रत्येक पाळीव कुत्र्याची मालकाच्या नावासह यादी करा. पुढच्या महिन्यात गणपती बसतील. ज्या मंडळांच्या मांडवात आरोग्य शिबिरं होतात, त्यांनी एक दिवस पशुवैद्यकांना बोलवून कुत्र्यांना लस टोचावी. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, पण त्याची वाट बघायचं कारण नाही.

हे सगळं एकदम जमणार नाही असं वाटत असेल, तर आज रात्री जेवताना घरात तीन गोष्टी ठरवा. उद्या दवाखान्यात कोण जाणार, रोजची फेरी कुणाची, आणि फाटकाची कडी कोण बघणार. नावं ठरली की काम होतं. मग शेजारच्या श्वानपालकाला हे पत्र वाचायला द्या आणि त्याच्याकडूनही तीन नावं घ्या. गल्लीतली चार घरं अशी तयार झाली, तर त्या गल्लीत भाद्रपदात झुंड जमायला कारणच उरणार नाही.

आपल्या कुत्र्याची भीती आपल्या शेजाऱ्याला वाटत असेल, तर ती काढणं हे आपलं कर्तव्य आहे. ते आपण केलं नाही, तर उद्या कुत्री पाळायचाच हक्क लोक आपल्याकडून काढून घेऊ पाहतील, आणि तेव्हा आपल्याजवळ उत्तर नसेल. पोळ्याच्या दिवशी बैल सजवून बाहेर निघतील, त्या दिवशी आपल्या घरचं कुत्रं लस टोचलेलं, पट्टा घातलेलं आणि फाटकाच्या आत असलं पाहिजे. ही विनंती कळकळीची आहे. कृपया आजच कामाला लागा.

आपली,
जालन्यातील एक श्वानपालक